नाल्याकडच्या वावराचं कार्ड

२१ एप्रिल, सोमवार
कामठीहून ५.४० चा शेअर ऑटो, नागपूरहून ६.३० ची एसटी, भिवापूर ८.४५. तिथून गावापर्यंत दूधवाल्याच्या गाडीवर. गावात ४१ शेतकरी, म्हणजे मातीचे ४१ नमुने. तीन दिवस दिलेत. आज १३ झाले.

न. क्र. १ गिरजाबाई. अडीच एकर, नाल्याला लागून. वय साठच्या आसपास, पती नाहीत, मुली लग्न होऊन गेल्या. मी खड्डे करेपर्यंत उन्हात उभ्याच.

नियमाप्रमाणे सगळं. नागमोडी चालत आठ जागा. धुऱ्या-बांधाजवळची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची नाही. वरचा काडीकचरा बाजूला, एक वीत खोल खड्डा, कडेची माती तासून घमेल्यात. मग पसरवून मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली परत मिसळायची. अर्धा किलो उरेपर्यंत तेच. कापडी पिशवी, एक चिठ्ठी आत, एक बाहेर.

ऑफिसने दिलेलं प्लॅस्टिक पहिल्याच घडीला फाटलं. गिरजाबाईंनी घरून खताची रिकामी चुंगडी आणून दिली, प्लॅस्टिकचं पोतं. "धुतली नाही, पण झटकली हाय." मी ब्लेडने शिवण उसवली आणि आतली पांढरी बाजू वर केली. स्वच्छ होती. दिवसभर तीच वापरली, पुढचे दोन दिवसही हीच चालेल. दर नमुन्यानंतर ब्रशने झाडली. ब्रश माझा स्वतःचा आहे.

"कोठचा गा तू?"
"कामठीचा."
"वावर हाय?"
"नाही."
"मंग तुले मातीचं काय समजते?"
मी म्हटलं, मला नाही, मशीनला समजते. त्या हसल्या. म्हणाल्या, मशीनचं बी वावर नसन.

२२ एप्रिल, मंगळवार
न. क्र. १४ ते २८. रात्री समाजमंदिरात झोपलो. पाठ भाजली आहे. बोटांच्या फटींत काळी माती, साबणाने जात नाही.
दोन चिठ्ठ्या परत लिहिल्या. एकीवर गट क्रमांकातला ७ हा १ सारखा दिसत होता.

२३ एप्रिल, बुधवार
न. क्र. २९ ते ४१. संपलं. गावाला वळसा घालून शेवटी परत नाल्याशीच आलो. ४१ म्हणजे नामदेवराव, गिरजाबाईंचे धाकटे दीर. दोघांच्या मध्ये फक्त एक धुरा.

नामदेवराव खाटेवर बसून बघत होते. "माह्या वावराचं तपासून काय करतं लेका. दिवाळीनंतर वीटभट्टीवाला दोन फूट माती नेतो म्हणते. वैनीचंबी नेतो म्हणते. माह्या एकट्याचं नेऊ शकत नाही, ट्रॅक्टरले रस्ता तिच्या वावरातून हाय."
मी विचारलं, वरची माती गेल्यावर पेरणार कशात?
"खाली काय दगड हाय? खालीबी मातीच हाय."

गिरजाबाई धुऱ्यापलीकडे तुराट्या वेचत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "माह्या जितेपणी नाही."
नामदेवराव माझ्याकडे बघून म्हणाले, "अकरा सालाआधी वाटण्या झाल्या तवा नाल्याकडचं बेकार वावर दादाले देल्लं म्हणून तिनं दोन साल तोंड वाकडं केलं. आता त्याच बेकार मातीले कोणी मागून राहिला त देत नाही."

९ मे, शुक्रवार
नागपूर, सदर भागातलं ऑफिस. मला प्रयोगशाळेत काम नाही, फक्त पिशव्या क्रमाने लावून द्यायच्या. बारावीत रसायनशास्त्र राहिलं, त्यामुळे तिकडचं काही हाताळू देत नाहीत. ते बरोबरच आहे.

प्रयोगशाळेतला अश्फाक मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बघतो. द्रावण जितकं निळं तितकं स्फुरद जास्त. माझ्या गावाच्या नळ्या ओळीने लावल्या होत्या. म्हणाला, "काय बे, गाव स्याहीत बुडवून आणलं काय? सुरुवातीच्या डझनभर त डोळ्यात जातात."
मी म्हटलं, चांगली जमीन असेल.
"असन. भिवापूरकडे मिरची अशीच होत नाही."
ऑफिसच्या सरांनी निकालावर सही केली.

१० जून, मंगळवार
गावात माती तपासणीच्या कार्डांचं वाटप. ग्रामपंचायतीत ४१ पैकी २६ जण आले, बाकीच्यांची कार्डं सरपंचांकडे ठेवली. सही-अंगठ्याची यादी पूर्ण.

गिरजाबाईंना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. नत्र कमी. पालाश भरपूर. स्फुरद अत्यंत जास्त.
"म्हंजे?"
"म्हणजे यंदा डीएपी खत देऊ नका, काकू. जमिनीत भरपूर आहे. युरिया तेवढा द्या."
"माह्या वावरात?"
"हो."
"कोणापेक्षा जास्त?"
मी यादी बघितली. गावात सगळ्यात जास्त त्यांचंच होतं. तसं सांगितलं.

त्यांनी पदराला हात पुसले. मग कार्ड घेऊन नामदेवरावांसमोर गेल्या. "हे पाह्य. गावातली एक नंबर माती हाय. याच्या विटा पाडतं तू?"
नामदेवराव म्हणाले, "कागदाले काय समजते, वैनी."
"कागदालेच समजते. तुमाले त अकरा सालात नाही समजलं."
बाकीचे हसले. मीही हसलो असेन.

निघताना पदराच्या टोकातून दोन आंबे काढून दिले. एक एसटीत खाल्ला. एक आईला.

२४ जुलै, गुरुवार
सध्या मौद्याकडची गावं. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पेरणी झाल्यावर नमुने घेत नाहीत, फक्त याद्या.
दुपारी गिरजाबाईंचा फोन, कापसाबद्दल. शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून. "बाबू, पऱ्हाटी उठून नाही राहिली. महिना झाला, वीतभर हाय. पान काळं-हिरवं दिसते, देठ जांभळा."
मी विचारलं, पाणी साचलं का? म्हणाल्या, नाल्याकडून थोडं साचलं.
म्हटलं, मग पाण्यामुळे असेल.
"असन. नामदेवची त गुडघ्याले लागली. त्याच्यातबी पाणी होतं."
सरांना विचारतो म्हटलं. विचारलं नाही. विसरलो नव्हतो.

५ ऑगस्ट, मंगळवार
अहवालासाठी जुनी कार्डं परत टाइप करायचं काम. स्फुरदाचा रकाना वरून खाली वाचत गेलो. १ सगळ्यात जास्त. २ थोडं कमी. ३ त्याहून कमी. मध्ये दोन ठिकाणी मागेपुढे आहे, पण उतरतच जातं. विसाच्या पुढे जवळजवळ सपाट. ४१ कमी.

जमीन अशी नसते. मी कोणत्या क्रमाने चाललो हे जमिनीला माहीत नसतं.

१ आणि ४१ मध्ये एक धुरा आहे. एकच नाला, एकच उतार, अकरा वर्षांपूर्वीपर्यंत एकच वावर. एकाचं अत्यंत जास्त आणि एकाचं कमी.

घरी येऊन ही वही उघडली. २१ एप्रिल. चुंगडी. तिच्यावर काय छापलं होतं ते लिहिलेलं नाही. बाकी सगळं लिहिलं आहे. पण आठवतं. आतली बाजू वर केली तेव्हा छापलेली बाजू खाली गेली. हिरवी अक्षरं होती. डीएपी. म्हणजे स्फुरदच.

नियमांचा कागद काढला. सातवा नियम: नमुना खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नये. मी भरला नव्हता. कापडी पिशवीतच भरला. चुंगडीवर फक्त पसरला, मिसळला, चार भाग केले, परत मिसळला. जितका नीट मिसळला तितकं चुंगडीतलं खत त्यात गेलं. पहिल्याला सगळ्यात जास्त, मग ब्रशने झाडत झाडत कमी होत गेलं.

जेवलो. भात आणि वांग्याची भाजी. काही वाटत नाही आहे.

६ ऑगस्ट, बुधवार
पहिल्यांदा अश्फाकला दाखवलं. त्याने रकाना बघितला, परत बघितला. "अबे." मग, "मले त्याच दिवशी समजायला पायजे होतं. एवढं निळं नसते."
"तुझी चूक नाही."
"तुझीबी नाही बे. चुंगडीची हाय." हसवायला बघत होता.

मग सर. सरांनी दार लावून घेतलं.
"त्या दिवशी मशीनने आकडे चढे दाखवले असतील."
"मशीन नाही, सर. क्रम बघा ना."
"मी बघितला. मशीनच आहे. कोणाला बोललास?"
"अश्फाकला."
"अजून कोणाला?"
"नाही."
"मग झालं. हे बघ, खरीप निम्मा गेला. आता सांगून कोणाचं भलं होणार? आणि कार्ड कोण बघतं? तू कधी पाहिलंस कोणाला कार्ड बघून खत टाकताना?"
मी म्हटलं, एक बाई आहेत.
"एक."
"हो."
"एकासाठी एक्केचाळीस कार्डं खोटी ठरवायची?"
ती खोटीच आहेत, असं मी म्हणायला हवं होतं. मी "बरं सर" म्हटलं. बाहेर आलो. फाइल जागेवर ठेवली.

१७ ऑगस्ट, रविवार
स्वतःहून गेलो. ऑफिसचं काम म्हणून नाही.

गिरजाबाईंचं वावर बघितलं. झाडं गुडघ्याच्या खाली, फांद्या नाहीत. धुऱ्यावर उभा राहिलो. डावीकडे नामदेवरावांची पऱ्हाटी कंबरेला, पात्या-फुलं. उजवीकडे ही. कोणी फोटो काढला तर वाटेल दोन वेगळ्या महिन्यांतला आहे.

ठरवून गेलो होतो की सांगायचं. सांगितलं ते असं: "काकू, डीएपीची फवारणी करा. दोन टक्के. रात्रभर भिजवायचं आणि सकाळी वरचं पाणी गाळून फवारायचं."
"काहून? कार्डात त डीएपी नको म्हनते."
"पाऊस जास्त झाला ना. वाहून गेलं असेल."
खोटं बोललो. स्फुरद असं वाहून जात नसतं. ते मातीला धरून बसतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आत गेल्या, कार्ड घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. "हे तू देल्लं. सही हाय, शिक्का हाय. याच्यात लिवलं हाय नको. आता तू तोंडानं म्हनतं दे. मी कोणाचं ऐकू?"
मी म्हटलं, माझं.
"तोंडाचं तं नामदेवबी गंज काय काय सांगते."
फवारणार नाहीत. चहा पिऊन निघालो. ४.१० ची एसटी.

२० ऑगस्ट, बुधवार
आईने विचारलं, जेवत काहून नाही. सांगितलं सगळं. आई विड्या वळत होती, हात थांबला नाही.
"तुह्या आजोबानं चाळीस साल दुसऱ्याच्या वावरात काम केलं. कधी कोणाचं एक झाड त्याच्या हातानं मेलं नाही."
थोड्या वेळाने म्हणाली, "ज्याचं वावर त्याले सांग. ऑफिसातले बाबा नको म्हनते म्हणून काय झालं."
बाबा ऑफिसात कधीच नव्हते, पावरलूमवर होते. तिला सर म्हणायचं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
पोळा परवा झाला. गावात बैलांच्या शिंगांवर अजून रंग. सगळे घरीच आहेत.

गिरजाबाईंच्या ओसरीत बसून सांगितलं. चुंगडी, ब्रश, क्रम, सगळं. वही नेली होती, २१ एप्रिलचं पान वाचून दाखवलं. "धुतली नाही, पण झटकली हाय" हे वाचताना थांबलो. त्या म्हणाल्या, वाच. वाचलं.

ओरडल्या नाहीत. डाळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे चुंगडी मीच देल्ली."
"चूक माझी आहे, काकू."
"ते मले माहीत हाय."
सुपातली डाळ डब्यात ओतली. "चाल. पारावर चाल. सगळ्यांसमोर सांग. मी एकटीनं सांगतलं तं म्हनतील बुढी पलटली."

निंबाच्या पारावर पंचवीस-तीस माणसं होती. नामदेवराव होते. मी उभा राहून सांगितलं. आवाज बरा निघाला. म्हटलं, पहिल्या वीस जणांची कार्डं चुकीची आहेत, स्फुरद खरं त्याहून कमी आहे, ज्यांनी डीएपी दिलं नाही त्यांचं माझ्यामुळे नुकसान झालं. कोणी काय म्हटलं तरी ऐकून घ्यायचं असं ठरवलं होतं.

मग एक म्हातारे म्हणाले, "कोणतं कार्ड?"
"जूनमध्ये दिलं ते."
"अरे हो. त्याच्यावर आमच्या पोट्ट्यानं बेरजा केल्या."
दुसरे म्हणाले, "माह्यं ट्रॅक्टरच्या कागदात असन."
"माह्यं त सरपंचाकडंच हाय अजून."
"आम्ही दरसाल देतो तेवढंच देल्लं गा. कार्ड भेटलं काय आन् नाही भेटलं काय."
एकेकाला विचारत गेलो. न. क्र. २, ३, ४, ५. सगळ्यांनी डीएपी दिलं होतं. नेहमीएवढं. वीसपैकी वीस नाही, एकोणीस.
"बस गा, काहून एवढा घामाघूम झाला. चहा पे," असं म्हातारे म्हणाले.

गिरजाबाई उभ्याच होत्या. "म्हंजे मीच एकटी," एवढंच म्हणाल्या.

नामदेवराव खालच्या आवाजात, चांगल्या आवाजात बोलले. टोमणा नव्हता. "बाबू, एक सांग. म्हंजे वैनीची माती आमच्यासारखीच हाय."
"माहीत नाही."
"आमच्यापेक्षा बेकारबी असू शकते?"
मला हो म्हणायचं नव्हतं. पण असू शकते. म्हटलं, "असू शकते. परत तपासल्याशिवाय सांगता येत नाही."
"तपासशील कवा?"
"कापसाचा पहिला वेचा झाल्यावर. मधल्या ओळींतून घेता येईल."
"बरं. भट्टीवाला दिवाळीपासून मागं लागन. वैनी, तवा पाहू."
गिरजाबाई तिथूनच घराकडे गेल्या.

३१ ऑगस्ट, रविवार
गिरजाबाईंनी फवारणी केली, असं शेजारच्या मुलाने फोनवर सांगितलं. दोनदा फवारलं. उशीर झाला आहे, पण केली.

१५ सप्टेंबर, सोमवार
ऑफिसातून बोलावणं नाही. गेल्या सोमवारीही नव्हतं. काढलं असं कोणी म्हटलेलं नाही. अश्फाक म्हणतो, सरांनी नवीन मुलगा ठेवला, तो ४१ नमुने एका दिवसात आणतो. मी विचारलं, कसा? अश्फाक म्हणाला, एकाच वावरातून.
मोबाइलच्या दुकानात काम बघतो आहे, कामठीतच.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. दीक्षाभूमीला आईबरोबर. गर्दीत तिचा हात धरून चालत होतो, तीन तास. पायाखाली सिमेंट. तरीही खाली काय असेल असं मनात येत राहिलं, काळी असेल की मुरमाड. ही सवय कधी जाईल माहीत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
दिवाळी झाली. नामदेवरावांचा फोन. त्यांनी आधी तब्येत विचारली, आईची पण. मग म्हणाले की भट्टीवाला दुसऱ्या गावाकडे बोलणी करून राहिला. पंधरा-वीस दिवस थांबतो म्हणतो, जास्त नाही. "वैनी म्हनते मातीचं काय निघते ते पाहू. तिनंच म्हटलं. मी नाही."
मी म्हटलं, येतो.
"तुले खोटं बोलता येत नाही ते मले समजलं. म्हणून तुह्यावरच सोडतो. माती खरंच चांगली असन त मी विकायचं नाव नाही काढणार. बेकार असन त तिनंबी नाही म्हनू नये."

९ नोव्हेंबर, रविवार
दुकानातून सुट्टी घेतली. आईच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा, दोनदा साध्या पाण्याने धुतलेला, साबण नाही. लाकडी खुंटी, प्लॅस्टिकची बादली.

गिरजाबाई वेचत होत्या. बोंडं थोडी आणि लहान. एका ओळीत ओटी अर्धीही भरत नाही. पलीकडे नामदेवरावांच्या वावरात सहा बायका, हसण्याचा आवाज येत होता. एक म्हणाली, "काकू, इकडं या वं, इथं कापूस हाय." गिरजाबाई म्हणाल्या, "तुह्याच ओटीले भार होईन." वेचत राहिल्या.

आठ जागा. युरिया ओळीला दिला होता म्हणून दोन ओळींच्या बरोबर मधून घेतलं. या वेळी त्या प्रत्येक खड्ड्याशी आल्या. सहाव्या खड्ड्याला माती हातात घेऊन चुरली. "हे गाळाचं हाय. नाला भरला तवा आलं. नव्वद सालच्या पुराचं म्हनत होते हे." हे म्हणजे त्यांचे यजमान. "नामदेवच्या वावरात हा गाळ नाही पोचला."
"मग चांगली असेल," मी म्हटलं.
"तुले काय माहीत?"
"नाही माहीत."
"मंग असन-बिसन म्हनू नको."

पातळावर पसरवली. चार भाग, दोन टाकले. त्या टाकलेली माती मुठीने उचलून परत खड्ड्यात टाकत होत्या. तसं करायची गरज नसते.

चिठ्ठी लिहिताना क्रमांक काय लिहावा ते कळेना. आता कुठली यादी नाही. फक्त नाव आणि गट क्रमांक लिहिला.

नामदेवराव धुऱ्यावर आले. भट्टीवाला शुक्रवारी येतो म्हणाले. पिशवीकडे बघितलं, हात लावला नाही. "पाणी पे आन् जा, उशीर होईन." गेले.

ते दूर गेल्यावर गिरजाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. माझ्या बादलीत हात धुतले, बोटं एकेक करून. मग म्हणाल्या:
"जास्त निघालं त दोघांले सांगजो."
"हो."
"कमी निघालं त मलेच सांगजो. त्याले नको."
मी पिशवीची गाठ परत बांधली. बांधलेलीच होती.
"त्याले म्हनजो, जास्त हाय. एवढंच. कागद नको, तोंडानं म्हनजो. तुह्यं तोंड तो मानते आता."
"काकू, पण पुढच्या वर्षी तुम्ही खत कमी..."
"मी देईन ना. मले खरं सांगतलं त मी बराबर देईन. माती वावरात राह्यली त सुधारते. भट्टीत गेली त सुधरते काय?"

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. ४.१० ची एसटी होती, ती निघून गेली. ५.३० च्या गाडीत उभ्याने आलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
माती खोलीत सावलीत वाळत आहे, वर्तमानपत्रावर, पंखा लांबून. आई म्हणते घरात माती काहून पसरवली. अश्फाक सर नसताना लावून देणार आहे. त्याला विचारलं, किती वेळ लागेल? "निळं व्हायला दहा मिनिटं लागतात बे. तुले काय पायजे ते सांग." मी म्हटलं, असेल ते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दुकानात दुपारी अश्फाकचा मेसेज आला. उघडला. आकडा दोनदा वाचला. कमी. त्याने खाली लिहिलं आहे, या वेळी पक्का आहे, दोन नळ्या लावल्या.

गिरजाबाईंना शेजारच्या मुलाच्या फोनवर सांगितलं. खरं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन मुलाला परत दिला.

भट्टीवाला उद्या येतो. नामदेवरावांचा फोन ६.४० ला आला, मग ७.१५ ला, मग ८ ला. आता परत वाजतो आहे. आई म्हणते, उचल ना गा.